वाऱ्यात हॅट डोक्यावर ठेवायची कशी: नवीन हॅटवाल्यांसाठी, पुण्याच्या वाऱ्याच्या हिशोबाने

टेकडीवर, गडावर, धरणाच्या काठी पक्षी बघायला जाणारी बरीच मंडळी आता कॅप सोडून गोल कडेची हॅट घ्यायला लागलीत आणि ते बरोबरच आहे, कारण कॅपने फक्त कपाळ आणि नाक झाकतं, कान आणि मान मात्र मस्त भाजून निघतात. पण मग होतं काय, हॅट घेतली, सिंहगडावर पोचले, गाडीतून उतरल्या उतरल्या वारा आला आणि तिथून पुढे अख्खा गड एक हात डोक्यावर ठेवून फिरायचा. असं एकदोनदा झालं की हॅट कपाटावर जाते आणि परत आपली जुनी कॅप. ज्यांनी नुकतीच हॅट घेतलीये किंवा घ्यायच्या विचारात आहेत त्यांच्यासाठी हे जरा सविस्तर लिहितोय, घाईत असाल तर सरळ दोरीच्या भागावर जा, खरं काम तिथे आहे.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा. हॅट हरवू नये हे एक काम आणि हॅट डोक्यावर राहावी हे दुसरं काम. दुकानातल्या हॅटला जी दोरी लावून देतात ना, दोन्ही कानांच्या वर एकेक भोक आणि त्यातून एक लांबलचक दोरी, ती फक्त पहिलं काम करते. हॅट उडते, पाठीवर लोंबते, गळ्याला काचते, पण दरीत जात नाही एवढंच. तुम्ही परत घालता, ती परत उडते, आणि मग लोक म्हणतात दोरीचा काही उपयोग नाही. दोरी चांगलीच असते हो, ती बांधलेली जागा चुकलेली असते.

वारा नेमकं काय करतो

कडेच्या खाली वारा शिरला की हॅट उडते, वरून कितीही वाहू दे तिला फारसा फरक पडत नाही. समोरून वारा आहे, तुम्ही गडाकडे बघायला हनुवटी जरा वर केली, कडेची खालची बाजू वाऱ्याला सापडली, संपला विषय. त्यात वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे वेग दुप्पट तर जोर चौपट. हिशोब करून बघा, डोक्याचा घेर 57 सेंटीमीटर आणि कड साडेसात सेंटीमीटर रुंद धरली तर कडेचं क्षेत्रफळ 600 चौरस सेंटीमीटरच्या आसपास येतं. ताशी 30 किलोमीटरचा वारा ह्या सगळ्याला खालून लागला तर साधारण पाव किलो वजन उचलेल इतका जोर होतो, ताशी 60 चा झोत आला तर एक किलोच्या घरात. प्रत्यक्षात वारा आडवा येतो, कडेचा एकच भाग त्याला सापडतो, त्यामुळे एवढा पूर्ण जोर लागत नाही, पण कापडी हॅटचं स्वतःचं वजनच शंभर ग्रॅमच्या आसपास असतं हे लक्षात घेतलं की ती का टिकत नाही ते कळतं. आणि तीच कड 5 सेंटीमीटरची घेतली तर क्षेत्रफळ 360 च्या जवळ येतं, म्हणजे जवळपास चाळीस टक्के कमी. म्हणून पहिली हॅट घेणाऱ्याने फोटोत भारी दिसते म्हणून दहा सेंटीमीटरची कड घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, सहा-सात पुष्कळ झाली.

पुण्यात नोव्हेंबर ते जानेवारी फार वारा नसतो, सकाळी टेकडीवर नुसती थंडी. खरा त्रास मार्च ते मे दुपारनंतर, पश्चिमेकडून वारं सुटतं तेव्हा, आणि वळवाच्या आधी. आभाळ भरून येतं, पाच मिनिटं सगळं चिडीचूप आणि मग एकदम धुळीचा लोट, त्यात हॅट जाते, पत्रे जातात, वाळत घातलेले कपडे जातात. जून ते सप्टेंबर घाटमाथ्यावर तर वारा कायमच. मोबाईलवर हवामानाचा अंदाज बघताना एक ध्यानात ठेवा, त्यातला वाऱ्याचा वेग मोकळ्या जागी जमिनीपासून 10 मीटर उंचीवरचा धरलेला असतो. आपल्या सिमला ऑफिसात बसलेल्या हवामान खात्याचं असो (1928 साली मुख्यालय सिमल्याहून पुण्यात आलं म्हणून ते नाव चिकटलं) की कुठलंही ॲप असो, हा आकडा मोकळ्या मैदानाचा. पेठेतल्या बोळात त्याच्या निम्माही लागणार नाही आणि गडाच्या माचीवर त्याहून बराच जास्त लागेल.

ॲप नको असेल तर झाडं बघा. धूळ आणि कागद उडतायत, बारीक फांद्या हलतायत, तर वारा ताशी 20 ते 28, नीट बसणारी हॅट बिनादोरीची टिकेल. छोटी झाडं आख्खी डोलायला लागली आणि खडकवासल्याच्या पाण्यावर पांढऱ्या शेंड्यांच्या बारीक लाटा दिसल्या की 29 ते 38, दोरी हवी. मोठ्या फांद्या हलतायत, छत्री धरवत नाही, म्हणजे 39 ते 49, इथे खाली सांगितलेली चार जागांची दोरी असेल तरच. त्याच्या पुढे मोठमोठी झाडं हलायला लागली की हॅट बॅगेत टाका, हट्ट नको.

माप, आणि हे टाळू नका

निम्म्या लोकांचा प्रश्न इथेच संपतो. शिंप्याची टेप घ्या, कपाळाच्या मधून, कानाच्या एक बोट वरून आणि मागे डोक्याचं हाड जिथे बाहेर आलेलं असतं त्याच्यावरून फिरवा. टेप ओढू नका, नुसती टेकवा. केस वाढलेले असताना एकदा आणि कटिंग करून आल्यावर एकदा घेतलंत तर फरक दिसेल, जास्त निघेल ते माप धरा. टेप नसेल तर सुतळीने मापून पट्टीवर धरा, चालतं. एम, एल, एक्सएल वर भरवसा ठेवू नका, एका कंपनीचा एम दुसरीच्या एल एवढा असतो, आत शिवलेल्या लेबलवर सेंटीमीटर लिहिलेत का बघा.

मापाबरोबर खोलीही बघायची, हे कोणीच बघत नाही. हॅटची आतली पट्टी डोक्याच्या सगळ्यात रुंद घेराच्या खाली उतरून कानाच्या जरा वर बसली पाहिजे. उथळ हॅट डोक्याच्या वरच्या निमुळत्या भागावर नुसती ठेवल्यासारखी राहते, मग ती कितीही घट्ट असो, वर सरकणारच, उलट घट्ट असली तर लवकर सरकते. आतून 10 ते 12 सेंटीमीटर खोल असेल तर बहुतेकांना पुरते. दुकानात घालून बघताना मान खाली घाला, दोन्ही बाजूंना जोरात हलवा, पूर्ण वाका. पडली तर नको. कपाळावर लाल वळ उठला तरी नको, दोन तासांत डोकं दुखायला लागेल.

तुळशीबागेत, कॅम्पात फॅशन स्ट्रीटला, जुन्या बाजारात, सगळीकडे हॅटा मिळतात, पण घेण्याआधी कड हातात धरून जोरात हलवा. लडबडीत कड वाऱ्यात आधी वर उलटते आणि मग पूर्ण खालचा भाग वाऱ्याला देते. कडेवर गोल गोल शिलाईच्या बऱ्याच रांगा असतील किंवा टोकाला बारीक तार घातलेली असेल तर ती आकार सोडत नाही. वरच्या भागाला जाळी असेल तर अजून चांगलं, आत शिरलेला वारा बाहेर पडायला वाट मिळते आणि घामही कमी येतो. काही हॅटांच्या कडा बाजूला वर करून प्रेस बटणाने लावता येतात, ऑस्ट्रेलियन सैनिकांच्या हॅटची एक बाजू वर असते तशा, त्याने बाजूच्या वाऱ्याला सापडणारा भाग कमी होतो. पण मग त्या बाजूचा कान उन्हात, तेही बघा.

सैल हॅट असेल तर

घेऊन झालीये आणि सैल आहे, तर टाकून देऊ नका. आतल्या घामाच्या पट्टीच्या मागे काहीतरी भरायचं. जुनी लोकं वर्तमानपत्राची घडी करून घालायची, ती आजही चालते, फक्त घामाने तिचा लगदा होतो. त्यापेक्षा खिडकी-दाराच्या फटीला लावतात तो चिकट फोमचा रोल आणा, बोहरी आळीत किंवा कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, 3 मिलीमीटर जाड पुरे. पूर्ण गोल लावला तर दाबून बसल्यावर घेर साधारण एक सेंटीमीटरने कमी होतो.

पण लगेच पूर्ण गोल लावू नका. आधी हॅट घालून आरशात बघा आणि बोट फिरवून फट कुठे आहे ते शोधा. आपली डोकी गोल नसतात, लांबट असतात, काहींची जास्त लांबट, त्यामुळे फट बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना कानाच्या वर सापडते आणि पुढे-मागे हॅट घट्ट असते. तिथे पुढे-मागे फोम लावला तर कपाळ दुखणार आणि हॅट बाजूला हलतच राहणार. जिथे फट तिथेच सहा-सात सेंटीमीटरचा तुकडा लावा, घालून बघा, मग लागला तर अजून. पट्टी शिवलेली असेल तर दोन-चार टाके उसवून फोम आत सारा आणि परत हाताने टाके घाला, फोम उघडा ठेवला तर घामाने आठवड्यात सुटतो.

टक्कल असेल तर हॅट घसरते, त्यात वाईट वाटून घेऊ नका, उपाय सोपा आहे. सुती रुमाल किंवा बंडाना डोक्याला बांधा आणि त्यावर हॅट. उन्हाळ्यात तो ओला करून बांधलात तर थंडही वाटतं आणि पकडही बसते.

आता दोरी

दुकानातली दोरी दोन जागी लावलेली असते, कानाच्या बरोबर वर. त्याने काय होतं, हॅट त्या दोन बिंदूंवर झोपाळ्यासारखी पुढे-मागे झुलते. समोरून वारा आला की पुढची कड वर, मागची खाली, आणि हॅट मानेवर. दोरी घट्ट असली तरी हे होतंच कारण फिरायला तिला कोणी अडवतच नाही. ह्याच्यावर इलाज म्हणजे प्रत्येक बाजूला दोन जागा, एक कानाच्या पुढे कानशिलाजवळ आणि एक कानाच्या मागे, एकूण चार. सायकलच्या हेल्मेटच्या पट्ट्या बघा, कानाच्या खाली इंग्रजी व्ही सारख्या येऊन मिळतात, अगदी तेच करायचंय. मग पुढची कड उचलायला लागली की पुढची दोरी ताणते, मागची उचलली की मागची.

सामान असं: 3 मिलीमीटर जाडीची पॉलिएस्टरची गोल दोरी दीड मीटर, एक स्टॉपर म्हणजे जॅकेटच्या टोपीच्या नाडीला असतो तो बटण दाबून सरकवायचा, आणि चार छोट्या आयलेटच्या रिंगा, म्हणजे भोक फाटू नये म्हणून त्यात बसवतात त्या. शिवणकामाचं सामान मिळतं त्या दुकानात हे सगळं मिळतं, स्टॉपर घेताना त्यातून दोन दोऱ्या एकदम जातायत का ते तिथेच घालून बघा. इलास्टिक घेऊ नका. दुकानदार म्हणेल इलास्टिकच लावतात सगळे, लहान पोरांच्या हॅटला तर हमखास, पण झोत आला की इलास्टिक ताणतं, हॅट चार बोटं वर उठते, तेवढ्यात वारा पूर्ण आत शिरतो आणि मग ते इलास्टिक काही करू शकत नाही. शिवाय घामाने एका उन्हाळ्यात ढिलं पडतं. सुती नाडी मऊ असते खरी पण घाम पिते आणि वास मारायला लागते. बुटाची गोल लेस चालते, लांब मिळाली तर.

भोकं कुठे पाडायची ते आधी पेनाने खुणा करून ठरवा. हॅट घाला, आरशासमोर उभे राहा, कानाच्या पुढे दोन बोटं आणि कानाच्या मागे दोन बोटं, कड जिथे वरच्या भागाला मिळते त्याच्या अगदी जवळ, अर्ध्या सेंटीमीटरवर. कडेच्या टोकाकडे भोकं पाडली तर दोरी ताणल्यावर कड छपरासारखी खाली वाकते आणि बाजूचं काही दिसत नाही. दुसऱ्या बाजूची खूण टेपने मोजून करा, अंदाजाने केली की हॅट वाकडी बसते. रिंगा घरी हातोडीने बसवता येतात पण फुटपाथवर बसणारे चप्पल दुरुस्तीवाले किंवा बॅग दुरुस्तीवाले पाच मिनिटांत नीट बसवून देतात, त्यांच्याकडे पंच असतो. फक्त जाताना खुणा करूनच न्या, नाहीतर ते त्यांच्या सवयीने कानाच्या वर एकेक भोक पाडून देतील. जाड लोकरी हॅट असेल तर रिंग न लावता टेलरकडून काजं करून घेतलेली बरी.

आता ओवायचं. दीड मीटरचे दोन सारखे तुकडे, पाऊण-पाऊण मीटर. डावा तुकडा घ्या, एक टोक पुढच्या भोकातून वरून खाली, दुसरं टोक मागच्या भोकातून वरून खाली, म्हणजे दोरी कडेच्या वरून जाते आणि दोन्ही टोकं खाली लोंबतात. हे वरून जाणं महत्त्वाचं आहे, दोरी ताणली की ती कडेला वरून दाबते. नुसती भोकात गाठ मारून लोंबती सोडली तर सगळा ताण त्या एका भोकावर येतो आणि कापड फाटतं. मागचं टोक आखूड ठेवा, पुढचं लांब. हॅट डोक्यावर घालून दोन्ही टोकं कानाच्या पाळीखाली दोन बोटं जिथे एकत्र येतात तिथे चिमटीत धरा आणि साधी गाठ मारा. कान दोन्ही दोऱ्यांच्या मध्ये मोकळा राहिला पाहिजे, चष्मा असेल तर तो घालूनच हे करा कारण काडी पुढच्या दोरीच्या आतून जाते. उजवीकडे तसंच. मग आखूड टोकं गाठीपासून बोटभर सोडून कापून टाका आणि काडेपेटीने जाळून घ्या, पॉलिएस्टर वितळून बंद होतं, ते गरम असताना हात लावू नका. उरलेली दोन लांब टोकं हनुवटीखाली स्टॉपरमधून काढा आणि शेवटी दोन्हींची मिळून एक गाठ, म्हणजे स्टॉपर निसटत नाही.

किती घट्ट? दोरी आणि हनुवटी ह्यांच्यामध्ये दोन बोटं आरामात जावीत, आणि मोठी जांभई देतो तसं तोंड उघडलं की हॅट किंचित खाली ओढली गेलेली जाणवावी. जाणवत नसेल तर ढिली आहे. दोरी हनुवटीच्या लगेच मागे बसवायची, घशाच्या गाठीवर नाही. मग घरातला टेबल फॅन फुल करून त्याच्यासमोर मान वर-खाली, डावी-उजवी करून बघा. फॅनचा वारा काही गडावरचा नाही पण हॅट कुठल्या बाजूने उचलायला बघते तेवढं कळतं. पुढची बाजू उठत असेल तर गाठ सोडवून पुढची दोरी अर्धा-एक सेंटीमीटर आखूड करा. हे एकदा नीट जमवलं की परत बघावं लागत नाही. त्यानंतर संध्याकाळी गच्चीवर.

शहरात फिरताना हनुवटीखाली दोरी अनेकांना नको वाटते, स्काऊटच्या पोरासारखं दिसतं म्हणतात. मग तीच दोरी मागे, मानेच्या वरच्या खळगीत, केसांच्या खाली घ्या आणि स्टॉपर आवळा. मागच्या हाडाखाली ती अडकते आणि हॅट वर सरकत नाही. बाणेर-वाकडकडे दोन टॉवरच्या मधून जो वारा येतो ना, किंवा झेड ब्रिजवर संध्याकाळी असतो, तेवढ्याला हे पुरतं. गडावर पुरत नाही.

लहान मुलांचं मात्र वेगळं. घसरगुंडी, झोपाळा, झाडावर चढणं, कुठेही दोरी अडकून गळ्याला फास बसू शकतो. मुलांच्या हॅटला ओढलं की सुटेल असंच काहीतरी हवं, म्हणजे दोरीच्या मध्ये प्रेस बटण किंवा वेलक्रोचा छोटा तुकडा, आणि खेळायला बागेत गेलं की दोरी काढूनच ठेवा. हॅट हरवली तर हरवू दे.

दोरी अजिबात नको असेल तर

आंबाडा किंवा जाड वेणी असणाऱ्यांना हे सोपं आहे. पूर्वी विलायती बायका लांब टाचण्या हॅटमधून आणि केसांच्या गुंडाळीतून आरपार घालायच्या, आपल्याकडे आंबाड्याचे आकडे असतातच. हॅटच्या आतल्या पट्टीला दोन्ही बाजूंना कापडी लूप शिवून घ्या आणि त्यातून आकडा केसात. नाहीतर केसांत खोचायचा छोटा साइडचा कंगवा पट्टीच्या आत पुढच्या बाजूला शिवून टाका, दात मागच्या दिशेला, हॅट पुढून मागे सरकवत घातली की तो केसात रुततो. पातळ किंवा नुकतेच धुतलेले केस असतील तर हे फारसं टिकत नाही.

आणि स्कार्फ. गाडीवरून जाताना तोंडाला स्कार्फ बांधण्यात पुण्यातल्या मुलींचा हात कोणी धरू शकत नाही, पण तोच स्कार्फ हॅटवरून बांधायचं फारसं कोणाच्या डोक्यात येत नाही. दोन मीटरची सुती ओढणी घ्या, मध्यभाग हॅटच्या वर, दोन्ही टोकं कानावरून कडेला खाली दाबत आणा, हनुवटीखाली एकमेकांवरून काढून मानेमागे गाठ. बाजूच्या कडा गालाला चिकटतात, वाऱ्याला सापडणारा भाग निम्म्यावर येतो, आणि कान, गाल, मान तिन्ही झाकलं जातं. शंभरेक वर्षांपूर्वी उघड्या मोटारीतून फिरणाऱ्या बायका असंच बांधायच्या. पुरुषांनीही बिनधास्त बांधावं, पंचा किंवा उपरणं चालेल, भर उन्हात शेतावरची माणसं टोपीवरून पंचा गुंडाळतातच की. गुळगुळीत सिल्क नको, सरकतं.

भिगवणला होडीत बसून फ्लेमिंगो बघताना किंवा कोकणात लाँचमधून जाताना वेगळी गंमत असते, वारा फार नसला तरी हॅट गेली तर सरळ पाण्यात, आणि दुर्बीण सांभाळायची की हॅट. तिथे आयकार्डच्या दोरीला असते तसली क्लिप कामाची, अप्पा बळवंत चौकात कुठल्याही स्टेशनरीवाल्याकडे मिळेल. हातभर दोरी, एक क्लिप हॅटच्या मागच्या कडेला, दुसरी शर्टाच्या कॉलरला. मान वळवता येईल एवढी सैल ठेवा. ही हॅट डोक्यावर ठेवणार नाही, पण पाण्यात जाऊ देणार नाही.

चालताना

वारा समोरून असेल तर हॅट कपाळावर खाली ओढा, पुढची कड जरा खाली झुकलेली, मान किंचित खाली. मग वारा कडेच्या वरून जातो आणि उलट हॅटला डोक्यावर दाबतो. मागून वारा असेल तर उलटं, हॅट मागे सरकवा म्हणजे मागची कड मानेजवळ येते. बाजूने वारा असेल तर त्या बाजूला जरा तिरकी. हे दोन-तीन दिवसांत आपोआप अंगात येतं, विचार करावा लागत नाही. फसायला होतं ते वळणावर. सिंहगडावर कल्याण दरवाज्याकडे जाताना बुरुजाच्या आडून एकदम बाहेर आलो की, राजगडावर संजीवनी माचीच्या अरुंद धारेवर, नाणेघाटाच्या खिंडीतून बाहेर पडताना, अशा जागी वारा एकदम दुप्पट होतो आणि दिशाही बदलते. खिंड किंवा दरवाजा दिसला की दहा पावलं आधीच हात हॅटवर.

कड्यावर मात्र वारा खालून वर येतो. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याला हे सगळ्यात जास्त कळतं, तिथे हलकं काही खाली टाकलं तर ते परत वर येतं, आणि पावसाळ्यात नाणेघाटाला धबधब्याचं पाणी वर उडतं ते ह्याच वाऱ्याने. अशा ठिकाणी मान खाली घालून काही होत नाही कारण वारा कडेच्या बरोबर खालून लागतो. कड्याच्या आधीच हॅट काढा आणि बॅगेत टाका. चुकून उडालीच तर जाऊ द्या, कड्याच्या दिशेने एक पाऊलसुद्धा धावायचं नाही, मग ती हॅट कितीची का असेना. रस्त्यावर उडाली तरी तेच, मागून येणाऱ्या बसवाल्याला तुमची हॅट दिसत नसते.

राजगडाच्या बालेकिल्ल्याची चढण किंवा जिथे दोन्ही हात लागतात असा कुठलाही पॅच, तिथे हॅट आधीच काढून ठेवायची. उडते म्हणून एक हात सोडला जातो हे एक, आणि रुंद कडेमुळे वरचा खडक दिसत नाही, डोकं आपटतं, हे दुसरं. घडी होणारी कापडी हॅट ह्यासाठीच बरी.

दुचाकीवर तर विषयच नको. हेल्मेट घाला आणि हॅट डिकीत. दोरीने पाठीवर टाकून गाडी चालवणारे बरेच दिसतात, ताशी 50 ला ती हॅट मागे पॅराशूटसारखी फुगते आणि दोरी थेट गळ्यावर येते. मागे बसणाऱ्यांनाही तेच लागू. डिकीत ठेवताना कड दुमडू नका, हॅट उलटी ठेवा आणि आत रेनकोट, पाण्याची बाटली काय ते भरा, आकार राहतो.

दोरी महिन्यातून एकदा साबणाच्या पाण्यात धुवा, घामाचं मीठ साचलं की ती कडक होते आणि गालाला घासते. स्टॉपरची स्प्रिंग गंजली की तो आपोआप सरकायला लागतो, तेव्हा लगेच बदला. हॅट भिजली तर दोरीला धरून खिळ्याला टांगू नका, ओल्या कापडाची कड भोकांपाशी ताणून कायमची वाकडी होते. डोक्याच्या मापाचं पातेलं पालथं घालून त्यावर सावलीत वाळवा, फक्त घरात आधी विचारून घ्या कुठलं पातेलं घ्यायचं ते.